रेशनकार्डावरची मुलगी

माझ्या जावेची मोठी मुलगी पावणेतीन वर्षांची असताना आमच्याकडे आली. जाऊ तेव्हा दुसऱ्यांदा पोटुशी होती आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. धाकटे दीर मनमाडला रेल्वेत नोकरीला. क्वार्टरमध्ये दोघंच, मुलीकडे बघायला तिसरं माणूस नाही. दीर मुलीला आणि तिच्या कपड्यांची पिशवी घेऊन मळ्यात आले आणि म्हणाले, "वहिनी, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे." त्या चार-सहा महिन्यांची साडेचार वर्षं झाली, कारण जावेचा तो मुलगा अशक्त निघाला आणि त्याच्या पाठीवर लगेच दुसरा आला.

माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. जावेचं लग्न माझ्यानंतर झालं, तरी तिला पहिल्याच वर्षी दिवस गेले. तिच्या ओटीभरणाला मळ्यातल्या शेवंतीच्या वेण्या मीच गुंफल्या होत्या. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा मी मागे चुलीपाशी जाऊन बसले. कुणी बस म्हणालं नव्हतं. बोलावणार नाहीत हे माहीत असल्यावर बोलावण्याची वाट कशाला बघायची, म्हणून आपण होऊनच गेले. बाहेर बायका हसत होत्या आणि मी विझलेली चूल फुंकत होते.

आता त्याच बाईची मुलगी माझ्या हातात आली. पहिल्या दिवशी ती रडली, दुसऱ्या दिवशी माझ्या मागे मागे फुलांच्या सरीतून फिरली. तिचे केस दाट होते पण उवांनी भरलेले. मी रोज दुपारी ओट्यावर बसून तिचे केस विंचरायचे, तेल लावायचे, दोन वेण्या घालायचे. पहिल्यांदा ती मला काकू म्हणायची. वर्षभरात आई म्हणायला लागली. मी शिकवलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणू दे. पोरीच्या तोंडाला काय कुलूप घालायचं?"

त्याच सुमारास रेशनकार्ड नवीन करायचं होतं. जुन्याच्या घड्या फाटून चार तुकडे झाले होते. माझे मालक कचेरीत गेले. बाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहून देणारा बसायचा, त्याने घरातली माणसं विचारली. यांनी आईचं नाव सांगितलं, स्वतःचं, माझं, आणि मग त्या मुलीचं.

"पोरगी कुणाची?" त्याने विचारलं.

"आपलीच," हे म्हणाले.

आमच्या घरांमध्ये असंच बोलतात. भावाचं मूल ते आपलंच मूल, परक्या माणसापुढे त्याची वाटणी कुणी करत नाही. त्याने तसं लिहून टाकलं.

कार्ड घरी आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मी चौथी शिकलेली, म्हणून घरात लिहिलेलं वाचायचं काम माझ्याकडेच असे. चौथ्या ओळीत मुलीचं नाव, वय तीन, आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगी'. मी ते दोनदा वाचलं. मालकांना सांगायला हवं होतं की हे चुकलंय, उद्या जाऊन दुरुस्त करून आणा. कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवलं, आणि पुढे किती तरी दिवस पीठ काढताना कार्डही काढून बघायचे.

जाऊ दिवाळीला यायची. ती कडेवर एक आणि पोटात एक अशी यायची. बांगड्या वाजवत घरभर फिरायची. मुलगी तिला मम्मी म्हणायची, पण शाळेत तपासणीला आलेल्या बाईंना म्हणावं तसं. मला त्याचा आनंद व्हायचा. खोटं कशाला लिहू? जाऊ तिला जवळ ओढायची आणि मुलगी आखडून उभी राहायची, तेव्हा मी आत जाऊन उगाच भांडी आवरायचे, माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून.

शेवटच्या दिवाळीत असं झालं की मुलगी विहिरीजवळच्या दगडावर पडली. गुडघा फुटला. जाऊ ओट्यावर होती, मी पार लांब वाफ्यात. मुलगी रडत उठली, आईच्या अंगावरून पळत गेली आणि माझ्या कमरेला येऊन मिठी मारली. मी तिचं रक्त पदराने पुसताना वर बघितलं. जाऊ हात पुढे करून तशीच उभी होती. जूनमध्ये दीर आले आणि मुलीला घेऊन गेले. "तिकडची शाळा चांगली आहे, वहिनी," म्हणाले.

मी मुलीची पिशवी भरली. एक पिवळा फ्रॉक मात्र मुद्दाम ठेवून घेतला आणि सापडत नाही म्हणाले.

पुढच्या दिवाळीला ती आली तेव्हा तिचे केस कापलेले होते. मुलांसारखे, कानाच्या वर. साडेचार वर्षं मी तेल घालून वाढवलेले केस. मी बघतच राहिले. जाऊ म्हणाली, "मनमाडला पाणी आठ-आठ दिवस येत नाही ताई, एवढे केस धुणार कशाने?" मग मुलगी माझ्यासमोर उभी राहिली, जावेकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "काकू, नमस्कार करते."

"सवय लावायला हवी ना," जाऊ म्हणाली. "शाळेत सगळे हसतात तिला, दोन-दोन आया कशा म्हणून."

मी तिला आशीर्वाद दिला. त्या वर्षभर मनमाडच्या पाण्याची बातमी कानावर आली की मला बरं वाटायचं. वाटायचं, अजून ओरड होऊ दे, टँकरपण येऊ नये, म्हणजे कंटाळून पाठवतील पोरीला. आपल्या सख्ख्या दिरावर आपण तहान मागतोय हे कळत होतं, तरी मागत होते.

यानंतर मालकांनी दत्तकाचा विषय काढला. शहरातल्या एका बारशाला आमच्या मळ्यातली फुलं गेली होती. हार पोचवून हे घरी आले आणि जेवताना म्हणाले, "त्या बाईला पोटचं नाय. संस्थेतून आणलेली पोरगी हाय. पण लय थाटात बारसं केलं गं. पाळणा फुलांत दिसंना."

त्या न पाहिलेल्या बाईचाही मला हेवा वाटला. तिला एवढा धीर कुठून आला असेल?

"आपण जाऊन विचारू का?" हे म्हणाले.

सासूबाई भाकरी मोडता मोडता थांबल्या. "कुणाच्या रक्ताचं असंल?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "तसं बघायला गेलं तर तुझ्या बापाच्या रक्तानं तरी काय दिवे लावले?" हे हसले. तेवढ्यावर घरात होकार झाला.

संस्था शहरात होती. बाहेरून शाळेसारखी दिसायची, आत गेलं की डेटॉलचा आणि दुधाचा वास. तिथल्या बाई चष्म्यातून बघून सावकाश बोलायच्या. त्यांनी आम्हाला समजावलं की मूल बघितलं आणि उचलून नेलं असं इथे नसतं. आधी अर्ज, फोटो, दोघांच्या तपासण्या, मळ्याचा उतारा, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं. मग त्या आमचं घर बघायला येणार. मुलाच्या बाजूनेही कागद असतात. जी आई मूल ठेवून जाते तिला विचार बदलायला मुदत असते, आणि ती मुदत उलटून वरून मोकळीक आल्याशिवाय मूल कुणाला दाखवत नाहीत. शेवटी कोर्ट. कोर्टाचा हुकूम आला की मग मूल कायद्याने आमचं.

"मुलगा की मुलगी?" त्यांनी विचारलं.

"काही पण," हे म्हणाले.

"मुलगी," मी म्हणाले. ऑफिसात मी बोललेला तो पहिलाच शब्द. बाई कौतुकाने हसल्या, त्यांना वाटलं ही मोठ्या मनाची आहे. माझ्या मनात वेगळंच होतं. मला जावेच्या मुलीसारखी एक हवी होती. तिच्याहून गोरी, तिच्याहून लांब केसांची, आणि जी कुणीही जूनमध्ये येऊन नेणार नाही.

आम्ही बरेच महिने वाट बघितली. दोनदा निरोप आला, दोनदा कसलं तरी पत्र अडलं. मग एका गुरुवारी बाईंनी बोलावलं. तिथल्या आयाने दुपट्यात गुंडाळलेली एक मुलगी आणली. साडेतीन महिन्यांची, काळीसावळी, डोक्यावर मोजून चार केस. माझ्या मनातल्या मुलीसारखं तिच्यात काही नव्हतं. मी तिला हातात घेतलं, तिने माझ्या डोरल्याला मूठ घातली आणि सोडेचना. आया हसून म्हणाली, "सोड गं चिमणे," आणि तिच्या आवाजासरशी मुलीने मूठ सोडून तिकडे मान वळवली. त्या आयावर मला एवढा राग आला की घरी येईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही.

"आवडली नाय का?" यांनी विचारलं.

"ती आया तिला चिमणी म्हणते," मी म्हणाले. "आपण तसं म्हणायचं नाही."

मग घर बघायला येण्याचा दिवस ठरला. आमच्याकडे असं कुणी घर बघायला येतं ते फक्त लग्न जुळवायला. त्यामुळे सगळी तयारी तशीच झाली. ओटा सारवला, दारात रांगोळी, सासूबाई इरकली नेसल्या, मला त्यांनी जरीचं लुगडं आणि सगळे दागिने घालायला लावले. कांदेपोहे झाले. बाई आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना गादीवर बसवलं आणि मला पदर डोक्यावर घेऊन पोह्यांची ताटली द्यायला पाठवलं. एकोणीस वर्षांची असताना दिली होती तशीच मी ती दिली, नजर जमिनीकडे ठेवून.

"तुम्ही बसा ना," बाई मला म्हणाल्या. "मी तुमच्याशीच बोलायला आलेय."

"ती नाय बोलायची," सासूबाई म्हणाल्या. "लय गरीब हाय स्वभावानं. आवाज म्हणून ऐकू यायचा नाय तुम्हाला. स्वैपाक येतो, शेतात सगळं येतं, पोरं सांभाळायला तर विचारूच नका." आणि त्यांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यात दोन वेण्या घातलेली जावेची मुलगी माझ्या मांडीवर बसलेली होती. "ही बघा. हिनंच वाढवलीय. आईच म्हणायची हिला."

बाईंनी फोटो बघितला, मग मला विचारलं, "ही कोण?"

तेवढ्यात यांनी कागदांची पिशवी पुढे केली. त्यात रेशनकार्ड होतं. ते पिशवीत मीच घातलं होतं, राहण्याचा पुरावा म्हणून मागितलं होतं ना. एवढी वर्षं ती ओळ वाचत आले, पण दुसरं कुणी ती वाचेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बाईंचं बोट चौथ्या ओळीवर थांबलं.

"तुम्ही अर्जात लिहिलंय, मूल नाही."

"नाहीच," हे म्हणाले. "ती भावाची हाय."

"इथे मुलगी लिहिलंय."

"आता भावाची म्हणजे आमचीच की, बाई."

बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांचा आवाज बदलला. त्यांनी सांगितलं की ज्यांना मुलगी आहे त्यांना हिंदूंच्या कायद्याने दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलगा असेल तर मुलगा नाही, मुलगी असेल तर मुलगी नाही. कोर्टाने हे कार्ड बघितलं तर अर्ज जागच्या जागी फेटाळला जाईल, वर खोटं बोलले म्हणून शेरा बसेल. मुलीचा जन्मदाखला आणा, तिच्या खऱ्या आईबापांचं स्टॅम्पपेपरवर लिहून आणा, आणि कचेरीतून कार्डावरचं नाव कमी करून आणा. "तोवर मी फाईल पुढे पाठवू शकत नाही. आणि बाळाला मी किती दिवस थांबवू? यादीत अजून जोडपी आहेत."

त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोह्यांत मीठ कमी होतं का?"

यांनी मला सांगितलं, मनमाडला निरोप धाड. मी हो म्हणाले. निरोप धाडला नाही. तीन आठवडे मी आज धाडते, उद्या धाडते करत राहिले. मालक दसऱ्याच्या झेंडूत बुडालेले होते, त्यांना वाटलं कागद येतायत.

का नाही धाडला, हे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. जावेपुढे हात पसरायचा होता, हे एक. पण खरं ते नव्हतं. जावेकडे मुलगी होती, मुलीचे केस होते, शाळा होती, मम्मी म्हणणं होतं. माझ्याकडे ती एक ओळ होती. ती खोडा म्हणून मीच सांगायचं, आणि ते जावेला सांगायचं.

दर गुरुवारी मात्र हे फुलं घेऊन शहरात निघाले की मी यांच्यासोबत बाळाला बघायला जायचे. चौथ्या गुरुवारी गेले तर बाळाच्या डोक्यावर गुलाबी लोकरीचं टोपडं. विकतचं नव्हतं, हाताने विणलेलं, कडेला पांढरी फुलं.

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या गावचं जोडपं आलं होतं काल," आया म्हणाली. "बाईंनी त्यांना बाकीची बाळं दाखवली. पण त्या ताईंनी हिलाच उचललं. अर्धा तास घेऊन बसल्या होत्या. लई गोड बाई. स्वतः विणून आणलं होतं हो."

मी ते टोपडं काढलं. आत बाळाचं डोकं घामाने ओलं होतं आणि त्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी पावडरीचा वास येत होता. टोपडं मी आयाच्या हातात दिलं. "उकडतंय तिला," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या पाळण्यातलं बाळ दचकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी एसटीत बसले. लग्नानंतर एकटीने केलेला तो माझा पहिला प्रवास. मांडीवर वांग्यांची पिशवी आणि झेंडूचा पुडा. पिंपळगाव गेलं, चांदवड गेलं, मी खिडकीबाहेर न बघता मनात वाक्यं जुळवत होते. एकही जुळलं नाही.

जावेच्या क्वार्टरमध्ये दारापासून मोरीपर्यंत पाण्याचे ड्रम, हंडे, कळशा मांडलेल्या होत्या. चालायला एक माणूस जाईल एवढीच वाट. जाऊ वाळलेली दिसली. मी वर्षभर जे मागत होते ते मला तिथे ड्रममध्ये भरलेलं दिसलं, आणि मी पाणी प्यायला नको म्हणाले.

"ताई, एकट्या? काय झालं? सासूबाई?"

"सगळे बरे आहेत." मी पिशवी ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. संस्था, बाळ, कार्ड, कायदा. मान वर केली नाही.

ती परात घेऊन समोर बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझी पोरगी इतकी वर्षं सरकारदरबारी तुमची होती?"

"यांच्याकडून चुकून झालं."

"भाऊजींकडून झालं असेल. पण वाचता तुम्हाला येतं ना, ताई?"

तिने वांगी पिशवीतून काढून परातीत ठेवायला सुरुवात केली, एक-एक, देठ एका बाजूला करून.

"तुम्हाला वाटतं मी मुद्दाम नेली तिला," ती म्हणाली. "हो, मुद्दामच नेली. माझ्या पोटच्या पोरीचा गुडघा फुटला आणि ती मला ओलांडून तुमच्याकडे आली. केस मी कापले कशाला माहितीये? रोज विंचरायला बसलं की म्हणायची, आई असं नाही करत, आई तसं नाही करत. कात्री घेतली नि टाकले कापून. पाण्याचं आपलं सांगायला." ती थांबली. "अजून ताप आला की तुम्हालाच हाक मारते. काकू म्हणून नाही मारत."

मी परातीतल्या वांग्यांकडे बघत राहिले. आतून मला इतकं गोड वाटत होतं की ते चेहऱ्यावर येईल म्हणून मी ओठ दाबून धरले. जाऊ रडवेली झाली होती आणि मी खूश होते. आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या ताटातलं बघत होतो, आणि मला तिच्याच ताटात जास्त दिसत आलं होतं.

"सही करते मी," तिने डोळे पुसले. "ह्यांनाही करायला लावते. पण एक आहे. ती शाळेतून येईल आता. तिला तुम्ही सांगा. माझ्यासमोर."

"काय सांगू?"

"तुमचं तुम्हाला माहीत."

मुलगी आली. दप्तर टाकलं, मला बघितलं, धावायला पाय उचलला आणि आईकडे बघून जागीच उभी राहिली. मी तिला जवळ बोलावलं. सांगितलं की आमच्याकडे एक बाळ येणार आहे, छोटी मुलगी. आणि तिच्यासाठी कार्डावरचं तुझं नाव काढून इकडे मम्मीच्या कार्डावर घालायचंय.

तिने विचार केला. "ती बाळ तुला आई म्हणणार?"

"मोठी झाली की म्हणेल."

"मग मी काय म्हणायचं?"

घरात कुणी नसतं तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. जाऊ भिंतीला टेकून उभी होती, हातात वांगं तसंच. माझ्या डोळ्यांपुढे ते गुलाबी टोपडं आलं.

"काकू म्हण," मी म्हणाले. "काकूच आहे मी तुझी."

मुलीने मान हलवली आणि हातपाय धुवायला गेली. जावेने तिला तिथूनच ओरडून सांगितलं, एकच तांब्या घे. आवाज नेहमीसारखा होता. मग ती चहा टाकायला गेली.

कागद झाले. कचेरीत तीन खेपा पडल्या, कारण एकदा साहेब नव्हते आणि एकदा दाखल्यावरचं आईचं नाव आणि स्टॅम्पपेपरवरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला. शेवटी कारकुनाने चौथ्या ओळीवर लाल शाईने रेघ ओढली आणि बाजूला सही केली. मी तिथेच उभी होते. दुसरं जोडपं त्यानंतर आलं नाही, बाईंनी त्यांना दुसरं बाळ दाखवलं होतं असं मागाहून कळलं. त्या बाईचं टोपडं संस्थेतच राहिलं.

थंडीत बाळ घरी आलं, सांभाळायला म्हणून करारावर. कोर्ट उन्हाळ्यात लागलं. न्यायाधीशांनी मला विचारलं, दुसरी मुलगी आहे का? मी नाही म्हणाले. ते म्हणाले, ऐकू आलं नाही, मोठ्याने सांगा. मी मोठ्याने सांगितलं.

हुकूम आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असा सासूबाईंचा हट्ट होता. "नाव ठेवलं अन् नेली कुणी, तर हाका कुणाला मारायच्या?" म्हणायच्या. त्यामुळे बारसं झालं तेव्हा बाळ चांगलं वर्षाचं होत आलं होतं, पाळण्यात मावेना. यांनी पाळणा फुलांनी मढवला, त्या शहरातल्या बारशाहून जास्त. मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना माझं मन कळलं होतं. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका आल्या. एकीने विचारलंच, "कुणाची म्हणायची ही?" सासूबाई म्हणाल्या, "घुगऱ्या खा आधी, मग सांगते."

मनमाडहून जाऊ तीनही मुलांना घेऊन आली होती. मुलीचे केस खांद्यापर्यंत वाढले होते. मला सख्खी नणंद नाही, कानात नाव सांगायला आत्या कुठून आणायची? सासूबाई म्हणाल्या, "मोठ्या बहिणीनं सांगावं. ये गं." सगळ्यांना ते पटलं. मुलगी पुढे आली, दोन्ही हात पाळण्याच्या कडेवर ठेवले आणि वाकली. बायकांनी तिच्या पाठीवर कुर्र्र करून थापा मारल्या. आणि बाळाने किंकाळी फोडली.

"घाबरलं, घाबरलं," बायका हसल्या. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला होते. मुलीचा एक हात दुपट्याखाली गेलेला मी बघितला होता. बाळाला उचललं तर मांडीवर दोन बोटांची लाल खूण, नखांची. समोर जाऊ होती. तिनेही बघितलं होतं. तिचा हात मुलीच्या दंडावर पडला आणि मारायला वर उठला.

"मुंगी असेल पाळण्यात," मी म्हणाले. "फुलं आहेत ना एवढी." आणि बाळाच्या मांडीवर दुपटं ओढलं.

जावेचा हात खाली आला. मुलगी माझ्याकडे बघत होती, ओठ दाबून, डोळे भरलेले. मला राग यायला हवा होता. माझ्या लेकराला पहिल्यांदाच कुणी दुखवलं होतं आणि माझ्या मनात राग शोधूनही सापडत नव्हता. त्या मुलीला ओढून जवळ घ्यावं असं मला फार वाटलं. पण जाऊ बघत होती आणि बाळ माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडत होतं. मी बाळाला घेऊन आत गेले.